अकरा सालचा रुपया

"मूठ सोडा मामलेदारीणबाई, आत काय तिजोरीच्या किल्ल्या हायत का," म्हणत हौसाक्काने अंगठ्याने बाळाची मूठ उघडली. आत माझ्या शालीचा लोकरीचा धागा होता, भिजून तळव्याला चिकटलेला. तो तिने काढून मला दाखवला आणि म्हणाली, आईचा माल आतापासूनच पळवतीया, पुढं तुमचं काय खरं न्हाई.

माझी मुलगी तेव्हा सतरा दिवसांची होती. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. आई तिला बाळ म्हणायची, बाबा पिल्लू म्हणायचे आणि हौसाक्का मामलेदारीण, कारण रडताना तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पहिलं बाळंतपण म्हणून मी कराडला माहेरी आले होते.

हौसाक्का न्हाणीघरात पाटावर दोन्ही पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल जिरेपर्यंत पाठ चोळून मग कढत वाटेल असं पाणी घालायची. पहिले काही दिवस मला ते बघवत नसे. पुढे पुढे मी रोज तेवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी राहू लागले. दिवसभरात बाळ इतकं निर्धास्त दुसऱ्या कुणाच्याच हातात नसायचं. माझ्याही नाही.

ती पन्नाशीची, ठेंगणी, काटक बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी सहा ते अकरा पाच घरच्या बाळंतिणी, दुपारनंतर मंगल कार्यालयात भांडी. जीभ तिखट. नवऱ्याचा फोन आला की तुम्हांला भूक लागती आन् अळीव बघितलं की पोट भरतं, असं ती मला आईसमोर म्हणायची आणि आई तिची बाजू घ्यायची. बाळाची टाळू भरताना मात्र तिचं बोलणं आपोआप थांबायचं. तेवढं एक मिनिट ती श्वाससुद्धा जपून घेत असावी.

त्या दिवशी धुरी देऊन झाली, बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलं, आईने चहा दिला. एरवी हौसाक्का उभ्यानेच चहा पिऊन पुढच्या घरी जायची. त्या दिवशी ती माझ्या बाजेशेजारी खाली बसली. आई आत गेल्याची खात्री करून तिने कनवटीची गाठ सोडली. जुन्या खणाच्या चिंधीत चांदीचे दोन रुपये होते.

तिचं म्हणणं असं होतं. धाकटी मुलगी वर्षा बारावी झाली. मिरजेला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला. बाकी फी सवलतीत होती, पण वसतिगृहाची अनामत आणि पहिला हप्ता मिळून बारा हजार वीस तारखेच्या आत भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. साडेचार जमले होते. हे रुपये सासूकडून आलेले, ते घेऊन ती सराफाकडे गेली. सराफाने तोलून एकेकाचे साडेचारशे सांगितले. वर्षाने मोबाईलवर शोधलं तर तिथे असल्या रुपयाला लाखाच्या वर भाव.

"पोरगी म्हणती सराफ लुबाडतोय. सराफ म्हणतो पोरीला येड लागलंय. आता खरं काय ते तुमी सांगा ताई. मास्तरांचं डोळं झाकल्यात, न्हाईतर त्यास्नीच इचारलं असतं. पर मास्तरच म्हणत्यात, केतकीला माझ्यापरीस जास्त कळतंय."

मास्तर म्हणजे माझे बाबा. पोस्टमास्तर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. परवाच त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाहेरच्या खोलीत हिरवी पट्टी लावून ते रेडिओ ऐकत पडले होते. वाचायचं नाही, वाकायचं नाही, भिंग तर लांबच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जुनी नाणी हा बाबांचा एकच शौक. पण गावात त्यांचं नाव त्यापेक्षा वेगळ्या कारणाने होतं. कुणाच्या घरात जुना रुपया, पैसा, होन असं काही सापडलं की माणसं ते बाबांकडे आणत. बाबा बघत, तोलत, वाजवत आणि सांगत: एवढ्याला द्या, त्याच्या खाली देऊ नका. त्याचे ते कधी काही घेत नसत. आणि ज्याला किंमत सांगितली त्याच्याकडून नाणं विकत घेत नसत, कितीही हवंसं असलं तरी. घ्यायचंच तर प्रदर्शनातून, व्यापाऱ्याकडून, भावाने. माझी आई चेष्टा करायची की गंगा दारात येते आणि तुम्ही नळाचं पाणी भरता. बाबा हसून म्हणायचे, मी घेणार म्हटलं की मला ते नाणं थोडं वाईट दिसायला लागेल.

मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून हे शिकले होते.

मी रुपये घेऊन खिडकीशी गेले. बाबांचं भिंग आणि टपाल तोलायचा त्यांचा जुना छोटा काटा तिथल्याच कपाटात असायचा. दोन्ही रुपये पंचम जॉर्जचे. एकाला कधीतरी गळ्यात घालण्यासाठी नाकं जोडलेलं होतं, ते काढल्यावर झाळेचा डाग राहिला होता. दुसरा मात्र स्वच्छ. स्वच्छ म्हणजे चकचकीत नव्हे. कुणी चिंच-राखेने घासलेला नाही, वर काळसर निळी झाक तशीच, कडा शाबूत. मी उलटा करून साल बघितलं. एकोणीसशे अकरा.

मग सुलटा केला. राजाच्या अंगावरच्या झुलीसारख्या पोशाखावर एक हत्ती असतो, नखाएवढासुद्धा नाही. अकरा साली तो घडवताना सोंड आखूड झाली आणि लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, सरकारने ते रुपये मागे घेतले, पुष्कळसे वितळवले. पुढच्या वर्षी सोंड लांब करून नवे काढले. ही गोष्ट बाबांनी मला एवढ्या वेळा सांगितली होती की लहानपणी मी ती झोपताना मागायची. भिंगाखाली ती आखूड सोंड होती. लांबून डुक्कर, जवळून हत्ती.

बाबांच्या अल्बममध्ये पंचम जॉर्जचं एक पान आहे. प्रत्येक खाचेखाली त्यांच्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात साल. पहिल्या खाचेखाली १९११ लिहिलेलं आणि खाच रिकामी. ती नेहमी रिकामी नव्हती. माझ्या लग्नाच्या वर्षी बाबांनी अल्बममधली पंधरा नाणी विकली. मला हे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा पानं उलटताना कळलं. मी विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, मिळेल परत. चौदा खाचा त्यांनी हळूहळू भरल्या होत्या. ही राहिली होती. असा रुपया, असा न घासलेला, त्या वर्षी आठ हजारांना जात होता. पुण्याचा एक व्यापारी बाबांच्या ओळखीचा होता, त्याचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला. फोन केला असता तर तो रविवारी स्वतः गाडी काढून आला असता. डागाच्या रुपयाचेही दोनेक हजार देऊन गेला असता.

हौसाक्काला कमी पडत होते साडेसात.

हे सगळं मला खिडकीत उभं असतानाच कळलं होतं. उगाच नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे त्या वेळी सतराशे रुपये होते. बाळ बघायला आलेल्यांनी तिच्या मुठीत ठेवलेले.

मी परत येऊन बाजेवर बसले. बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट होतं, तरी पुन्हा नीट केलं.

"मोबाईलवर काहीही लिहितात हौसाक्का. लाख वगैरे कुणी देत नाही."

"मंग सराफाचं बराबर हाय?"

"चांदीच्या वजनाने बरोबर आहे."

तिने श्वास सोडला. मला वाटलं होतं तिचा चेहरा पडेल. तसं झालं नाही. उलट जग आपल्याला वाटत होतं तसंच आहे, हे कळल्यावर माणूस सैल होतो तशी ती सैल झाली. म्हणाली, म्या बी पोरीला तेच म्हणत हुते, लाखाचा रुपया असता तर सासूनं मला बघू तरी दिला असता का.

बाबांनी मला एक सवय लावली होती. नाण्याबद्दल बोलताना खोटं वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही, खात्री नसेल तर नाही म्हणायचं. मी तोवर एकही खोटं वाक्य बोलले नव्हते.

मग मी म्हणाले, यातला एक मी घेते, बाबांसाठी. दीड हजार देते.

हौसाक्काने माझ्याकडे रोखून बघितलं. "साडेचारशेच्या वस्तूला दीड हजार? का म्हून?"

मी सांगितलं की बाबांना जुन्याची आवड आहे आणि ह्या सालचा त्यांच्याकडे नाही. हेही खरंच होतं. ती चिंधीकडे बघत बसली. मग तिने विचारलं, बाळाच्या नावानं देताय व्हय. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उशीखालचं पाकीट काढलं. तिने नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, डागाचा रुपया चिंधीत बांधला आणि दुसरा माझ्या बाजेच्या कडेवर ठेवून उठली. जाताना बाहेरच्या खोलीपाशी थांबून बाबांना म्हणाली, पट्टीला हात लावू नका मास्तर, न्हाईतर मी येऊन हात बांधीन. बाबा मोठ्याने हसले. मला ते हसू आतपर्यंत ऐकू आलं. रुपया मी बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत, टोपड्यात गुंडाळून ठेवला.

पुढचे दिवस ती रोज आली. वर्षाचं काय झालं हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सतरा तारखेला मात्र ती आली नाही, पहिल्यांदाच. आईने जमेल तशी बाळाला आंघोळ घातली आणि बाळाने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी हौसाक्का म्हणाली की मिरजेला गेले हुते, कॉलेजात, सायबांना भेटायला. सहा आता घ्या, उरलेलं दिवाळीपत्तोर भरते म्हणाले. सायेब चांगला माणूस, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाला, बाई, असं एकीला केलं तर सगळ्याच मागतील.

हे ती बाळाच्या मांड्या चोळत सांगत होती, मी चौकटीला टेकून ऐकत होते. वीस तारखेला अजून दोन दिवस होते. कॅलेंडर न्हाणीघरासमोरच्या भिंतीवर लावलेलं होतं, पुण्याचा नंबर तिथून वाचता येत होता. बाळ रडायला लागलं म्हणून मी तिला घ्यायला पुढे झाले. हौसाक्का म्हणाली, रडू द्या, फुफ्फुसं मोकळी हुत्यात.

एकवीस तारखेला तिने सांगितलं की वर्षाला सोमवारपासून कापडाच्या दुकानात लावलंय. साड्यांच्या घड्या घालायच्या, चार हजार पगार. दुकान चांगलं आहे, वर पंखा आहे. मी काय बोलले ते आठवत नाही. अरेरे असं काहीतरी म्हणाले असेन.

त्याच आठवड्यात बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरांनी थोडं थोडं वाचायला परवानगी दिली, तशी त्यांनी सगळ्यात आधी नातीचा चेहरा भिंगातून बघितला आणि जाहीर केलं की नाक आमच्याकडचं आहे. मी आत गेले, पिशवीतलं टोपडं सोडलं आणि रुपया त्यांच्या हातात ठेवला.

ते रुपया घेऊन खिडकीकडे वळले. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा. नव्या डोळ्याने त्यांना एवढं स्वच्छ दिसत होतं की त्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना, म्हणून ते भिंग बाजूला करून बघत, परत लावून बघत. मग मला जवळ ओढून भिंगाखाली बोट दाखवत म्हणाले, "सोंड बघ, केतू. सोंड बघ." जणू मी सात वर्षांची होते आणि त्यांनीच मला तो आणून दिला होता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, कुठे मिळाला. मी म्हणाले, पुण्याच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांकडून. कितीला, तर चार हजार. त्यांनी रुपया खाली ठेवला नाही, पण त्यांचा हात थांबला.

"त्यांना ठाऊक होतं ना, काय देतायत ते?"

"हो."

बाबांनी मान हलवली. मी म्हटलं म्हणजे त्यांना पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. त्यांनी हातरुमालाने धरून तो खाचेत बसवला आणि संध्याकाळपर्यंत अल्बम उघडाच ठेवला. येता-जाता बघायचे. आई म्हणाली, नातीपेक्षा त्याचंच कौतुक चाललंय.

बारसं झालं, मुलीचं नाव ओवी ठेवलं. सव्वा महिना पुरा झाला आणि हौसाक्काचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी न्हाऊ घालणाऱ्या बाईला साडी-चोळी द्यायची, ओटी भरायची. आईने हिरवं इरकली लुगडं काढून ठेवलं होतं. ओवीची आंघोळ झाली, धुरी झाली, हौसाक्काने तिला माझ्या मांडीवर दिलं. बाबा मुद्दाम येऊन खुर्चीत बसले, त्यांना तिचे आभार मानायचे होते. आई हळदीकुंकू आणायला देवघरात गेली.

हौसाक्काने पिशवीतून सराफी गुलाबी कागदाची पुडी काढली. आत वाळे होते. बारीक, साधे, टोकांना एकेक मणी असलेले. ती खाली बसली आणि ओवीचा उजवा पाय हातात घेऊन एक वाळा चढवला.

बाबा म्हणाले, अहो, हे कशाला, आम्ही तुम्हांला द्यायचं की तुम्ही आम्हांला.

"आमी कुणाचं जास्तीचं ठेवत न्हाई मास्तर," ती पायाकडे बघतच म्हणाली. "ताईंनी साडेचारशेच्या रुपयाला मला दीड हजार दिलं. न मागता दिलं. पोरीचं काम व्हायचं न्हवतं ते झालं न्हाई, त्याला ताई तरी काय करणार. मंग दुसरा जोडीचा हुता तो आटवला. सराफानं मजुरी घेतली न्हाई. चांदी तेवढी लेकराच्या पायाला लागंल."

डावा वाळा अजून कागदावर होता. बाबांनी तो उचलला नाही, नुसता बघितला. मग त्यांनी विचारलं, कसला रुपया होता हौसाक्का. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, टपाल कुठून आलं विचारावं तसा.

"राजाचा. सासू त्यो देवात ठेवू द्यायची न्हाई. राजाच्या अंगावर डुक्कर हाय म्हणायची."

बाबा उठले. ते बाहेरच्या खोलीत गेले, कपाटाचं दार वाजलं, पान उलटल्याचा आवाज आला. ते आले तेव्हा त्यांच्या हातात अल्बम नव्हता, फक्त हातरुमाल होता. त्यांनी रुपया हौसाक्काच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, हाच का. ती म्हणाली, व्हय की, ह्योच, तुमच्यासाठीच घेतला ना ताईंनी.

ते खुर्चीत बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हौसाक्का, ह्याचे आठ हजार येतात. थोडे जास्तही येतील. जो आटवला त्याचेही दोन हजार आले असते." ते थांबले. चष्मा काढला, तो आता लागत नव्हता तरी सवयीने लावलेला असायचा. "केतकीला ओळखता आला नाही. तिची चूक झाली."

त्यांनी आयुष्यात शेकडो नाणी पारखून सांगितली होती. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. आणि तो हत्ती मला त्यांनीच दाखवला होता.

पुढे काय झालं ते सांगते. बाबांनी पुण्याच्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि त्याच्याशी घासाघीस करून हौसाक्काला नऊ हजार मिळवून दिले. माझे दीड हजार तिने त्यातून मोजून परत केले. मी ते घेतले, कारण घेतले नसते तर का घेत नाही हे सांगावं लागलं असतं. आटवलेल्या रुपयाचे दोन हजार बाबा स्वतःचे देत होते, ते तिने घेतले नाहीत. जे उरलंच न्हाई त्याचं काय घ्यायचं, म्हणाली. वर्षा पुढच्या वर्षी मिरजेला गेली. त्या मधल्या वर्षात मी कराडला गेले की बाजारपेठेतल्या त्या दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीने जात असे. ती आता साताऱ्याला एका दवाखान्यात आहे, तिचं लग्न झालं. ओवी सहा वर्षांची आहे. वाळे तिला दीड वर्षापर्यंत होत होते. कुणी दिले विचारलं की मी हौसाआजीने म्हणते, आणि ती ते हाताच्या बोटात घालून वाजवत बसते. अकरा सालची खाच रिकामी आहे. बाबा अजून नाणी बघतात आणि मी तिथे असले की अजूनही माझ्यापुढे करतात, केतू, बघ गं. मी बघते आणि म्हणते, तुम्हीच सांगा.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन येईपर्यंतचा वेळ होता.

हौसाक्का तळहातावरच्या रुपयाकडे बघत होती. मग तिने वर माझ्याकडे बघितलं. पाच घरच्या पोरांना रोज हातात घेणारी बाई, रडणं भुकेचं की पोटदुखीचं हे तिला न बघता कळायचं. तिने मला किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. ओवी पाय झाडत होती, एका पायात वाळा, दुसरा मोकळा. मी तिच्या टोपड्याची नाडी सोडून परत बांधत होते.

हौसाक्काने रुपया कनवटीला लावला. कागदावरचा दुसरा वाळा घेतला, ओवीचा डावा पाय धरला आणि हळूहळू, टाच दुखू न देता, तो चढवला. मग बाबांकडे वळून म्हणाली,

"असंल मास्तर. बाळंतिणीची नजर ती, अधू असती. एवढं बारीक दिसलं नसंल."

बाबा ओवीच्या पायांकडे बघत होते.

"व्हय ना ताई?" तिने विचारलं.

दोघं थांबले होते. आईची पावलं अजून देवघरात होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो ऐकून त्या दोघांपैकी कुणालाच नवल वाटलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "दिसलं नाही मला."